मऊ बोल्ट

रविवार, ४

लिहायचं मी टाळत होते, हे आधी कबूल करून टाकते. वही घेतली तेव्हा बंदरावर तिकिटं फाडायचं काम करत होते. पहिल्या पानावर बोटीचं चित्र काढलं, शिडं काढायचा कंटाळा आला आणि वही पिशवीच्या तळाशी गेली. मग बर्फाचा कारखाना झाला, शिंप्याच्या दुकानात काजं करून झाली, आता आत्याकडे येऊनही बरेच दिवस झाले. रोज म्हणायचं उद्या लिहू, आणि उद्या म्हणायचं, लिहिण्यासारखं घडलंय तरी काय.

आज घडलं. आज माझ्या मालकीची पहिली मोठी वस्तू झाली. याआधीची सगळ्यात मोठी म्हणजे छत्री.

घरामागे ताडपत्रीखाली काहीतरी आडवं पडलेलं होतं. आल्या दिवशीच मी विचारलं होतं. आत्या म्हणाली, "मढं आहे. झाकलेलंच बरं." आता असं सांगितल्यावर कोण गप्प बसेल? आज ती झोपलेली बघून मी दोऱ्या सोडल्या. आत गवत बांधायचं जुनं मशीन. लाल रंग उडून विटकरी झालेला, एका बाजूला माणसाच्या छातीएवढं जड चाक, पुढे वाकड्या तारांचे दात. ट्रॅक्टरमागे जोडून शेतातल्या वाळल्या गवतावरून न्यायचं. दात गवत उचलतात, आतला लोखंडी दट्ट्या ठोसे मारून ते दाबतो, दोन वाकड्या सुया सुतळी वर आणतात, गाठ बसते, आणि मागून चौकोनी गठ्ठा बाहेर पडतो.

आत्या मागे येऊन उभी राहिलेली मला कळलंच नाही.

"काढलंस ना उकरून? भिंगरी ती भिंगरीच." मला ती भिंगरी म्हणते, एका जागी ठरत नाही म्हणून.

"चालेल का गं हे?"

तिने ताडपत्रीचं टोक उचलून झटकलं. मग म्हणाली, "यंदा चारा विकणाऱ्याने हात वर केलेत. गवत आपल्याच शेतात उभं आहे, पण सुटं ठेवायला जागा नाही. थंडीत गाईंना काय घालू? विकाव्या लागतील." आणि आत जाता जाता, "चालव नाहीतर भंगारात दे. तुझंच ते. माझ्यापुढे त्याचं नाव काढू नकोस."

म्हणजे मशीन माझं. गाई राहतात की जातात तेही, एका परीने, माझ्यावर आलं. आजवर माझ्यावर कुणी झाडाला पाणी घालायचंसुद्धा सोपवलं नव्हतं.

बुधवार, ७

वेल्डर रोज येतोय. त्याचं दुकान रस्त्यापलीकडे. काळा चष्मा कपाळावर चढवून फिरतो, म्हणून आत्या त्याला चष्म्या म्हणते. मी दादा म्हणते, कारण कामं करून घ्यायची आहेत.

दट्ट्यामागे उंदरांचं घरटं निघालं. बेअरिंगमधलं ग्रीस साबणासारखं घट्ट झालेलं, ते चमच्याने खरवडून काढलं. (चमचा आत्याच्या चहाचा होता. तिला सांगितलेलं नाही.) सगळ्यात देखणी वस्तू म्हणजे गाठ मारणारी चोच. खरंच चोच आहे, पक्ष्याची असते तशी. ती सुतळीभोवती एक गिरकी घेते, तोंड उघडते, टोक पकडते आणि मागे सरकते, की गाठ तयार. शिंप्याकडे मला एक काज करायला जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात ही शंभर गाठी मारेल. शिंपी म्हणायचा, तुझ्या हाताला थारा नाही. त्याच्या दुकानात एक पोपट होता, तो मात्र थारा असलेला, दिवसभर एकाच दांडीवर. असो, मशीनबद्दल लिहीत होते.

जड चाकापाशी एक बोल्ट असतो. वेल्डरने दाखवला. "हा मुद्दाम मऊ लोखंडाचा. मशीनला झेपेनासं झालं की आधी हा तुटतो. चाक मोकळं फिरतं, बाकीचं वाचतं."

"म्हणजे हा मरायलाच ठेवलेला."

"आमच्यासारखा," तो म्हणाला आणि स्वतःच हसला.

हत्यारांच्या पेटीत असे बोल्ट मूठभर सापडले, सगळे दोन तुकडे झालेले. कुणीतरी जपून ठेवलेत. तुटके बोल्ट कोण जपून ठेवतं?

शनिवार, १०

आज आत्याने आपण होऊन सांगितलं. दूध काढता काढता, माझ्याकडे पाठ करून.

या मशीनवर दोघे भाऊ काम करायचे, आतोबा आणि त्यांचे धाकटे. मशीनची नस धाकट्यांना माहीत. शेवटच्या वर्षी गवत कापून पडलं आणि आभाळ भरून आलं. "बोल्ट सारखा तुटत होता," आत्या म्हणाली. "तुटला की भावजी थांबायचे, विडी पेटवायचे आणि म्हणायचे, आज नको वहिनी. मी म्हटलं, तुम्हाला ओढायला निमित्त हवंय. शेवटी ह्यांनीच मशीन हाकलं."

गठ्ठे शेडमध्ये गेले. धाकटे रोज एक लांब लोखंडी सळई घेऊन आत जायचे आणि गठ्ठ्यांत खुपसत बसायचे. पुढे शेडमध्ये तंबाखूचा वास यायला लागला. "मी स्वतः घेतला, या नाकाने. म्हटलं, सळईचं नाटक करून आत विड्या ओढतायत. सळई काढून घेतली आणि शेडला कुलूप घातलं. त्याच आठवड्यात शेड पेटली."

आतोबा गाई सोडायला आत गेले.

"गाई बाहेर आल्या," आत्या म्हणाली. बादलीत दुधाच्या धारा पडत राहिल्या.

मी विचारलं, मग धाकटे?

"मी सगळ्यांसमोर म्हटलं, तुमच्या विडीने माझं कुंकू पुसलं. त्यांनी एक अक्षर काढलं नाही. चपला घातल्या आणि गेले." तेव्हापासून इथले लोक त्यांना 'काडी' म्हणतात. कुठे राहतात कुणाला ठाऊक नाही.

त्या धुराने आत्याचं नाकही गेलं. तिला कसलाच वास येत नाही. दूध करपलं तरी कळत नाही. माझ्या मोज्यांबद्दल घरात एक शब्द निघालेला नाही, त्याचं कारण आज समजलं.

नवी शेड जुन्याच जोत्यावर आहे. एका अंगाला गोठा, दुसऱ्या अंगाला आत्याची खोली, मधे एकेक भिंत. ती सळई अजून आहे. मी तिच्यावर कपडे वाळत घालते.

मंगळवार, १३

चाललं! वेल्डरचा ट्रॅक्टर, माझं मशीन, मागच्या तुकड्यातलं उन्हाने कडक झालेलं गवत. पहिले दोन गठ्ठे न बांधताच सुटले, गवताची उलटी झाल्यासारखे. चोचीची एक स्प्रिंग बदलली आणि तिसरा आला, चौकोनी, सुतळी तटतटलेली, विटेसारखा. जमिनीवर पडला आणि चक्क उसळला, चेंडूसारखा! मी त्याला मिठी मारली. वेल्डर म्हणाला, "लग्न लावून देऊ का?"

मी फोनवर व्हिडिओ काढला आणि लोकांना बघायला टाकला. बघणारे फार नाहीत, पण आहेत. बाबांचाही फोन येऊन गेला, उचलला नाही. घरी कधी येतेस हाच प्रश्न असणार, आणि आता पहिल्यांदाच माझ्याकडे न येण्याचं खरं कारण आहे.

मोठं शेत उद्या कापायचं.

शुक्रवार, १६

हात दुखतायत, पण लिहिते.

गवत परवा कापलं. काल ऊन असं पडलंच नाही, नुसतं पांढरं आभाळ. आज सकाळी ओळी उलटवल्या तर खालची बाजू हिरवी आणि गार. दुपारनंतर क्षितिजावर ढग चढायला लागले. आत्या दर थोड्या वेळाने बांधावर येऊन वर बघायची. "भिंगरे, उरकून घे. हे भिजलं तर संपलं सगळं."

मशीन जोडलं. बांधाच्या कडेची एक ओळ झाली आणि ठाक! बोल्ट तुटला. नवा घातला. पुन्हा ठाक. गवत आत जाताना चावल्यासारखा आवाज येत होता, कोरडा सरसर आवाज नव्हता. तिसरा तुटला तेव्हा वेल्डरही खाली उतरला.

"म्हातारीच्या अंगात त्राण नाही," तो मशीनवर थाप मारून म्हणाला. "नाहीतर गवतच जड आहे. उद्यावर ठेवूया का?"

"उद्या पाऊस येईल!" आत्या बांधावरून ओरडली. "तूही आता विडी पेटव म्हणजे झालं!"

वेल्डरचं तोंड एवढंसं झालं. तो विडी ओढतच नाही. दुकानात गेला आणि एक काळपट चकाकणारा बोल्ट घेऊन आला, ट्रकच्या चाकाचा. "हा घे. हा तुटायचा नाही. आधी मशीन तुटेल."

मी घातला. काय सांगू! म्हातारीने तोंड उघडलं ते मिटलंच नाही. जे समोर येईल ते गिळत गेली. ट्रॅक्टर धापा टाकत होता, सबंध मशीन हादरत होतं, पण एकदाही थांबलं नाही. एवढी साधी गोष्ट त्या धाकट्यांना सुचली नाही? मशीनची नस माहीत म्हणे.

पाऊस आलाच नाही, नुसता गार वारा. पण सगळं शेत बांधून झालं.

शनिवार, १७

आज गठ्ठे शेडमध्ये रचले. खूप जड आहेत. मंगळवारचे मी एकटीने उचलत होते, हे दोघांनी धरावे लागले. वेल्डर म्हणाला, "दगड भरलेस का आत?" मी म्हटलं, घट्ट बांधलेत, माल आहे आत. छताच्या पत्र्यापर्यंत रास गेली, एकाला एक चिकटून, खालची एखादी फट सोडली तर बोट जाईल एवढीही जागा नाही. मला रचायचं काम आवडलं. बर्फाच्या कारखान्यात लाद्या अशाच रचायचो.

आत्याने दारात उभं राहून बघितलं. डोळे पुसले. "पोरी, गाई राहिल्या." मी पाना शोधायला गेले. सोळा-सतराचा पाना रचताना कुठल्यातरी फटीत राहिलाय.

कालचा व्हिडिओ टाकला, 'एक बोल्ट आणि सबंध शेत' असं नाव देऊन.

गुरुवार, २२

व्हिडिओखाली एका अनोळखी माणसाने लिहिलंय. नाव नाही, गुलाबाचं चित्र आहे.

'गठ्ठा उसळत नाही.'

मी लिहिलं, 'वजनदार आहे.' हसरा चेहरा टाकला.

थोड्या वेळाने, 'बोल्ट कुठला घातलास?'

कुणीतरी जाणकार दिसतोय. मी ऐटीत लिहिलं, 'ट्रकचा. तुटतच नाही.'

त्यावर काही उत्तर नाही. जाणकारांना बाईमाणसाचं काम बघवत नाही.

रविवार, २५

दिवस गार व्हायला लागलेत. मी आता शेडमध्ये गठ्ठ्यांवरच पथारी टाकते. खाली काय ऊब आहे! ओले कपडे रात्री पसरले की सकाळी वाळलेले, वर इस्त्री केल्यासारखे सपाट.

आत्याचीही चंगळ आहे. तिची पाठ थंडीत धरते. परवा म्हणाली, शेडकडची भिंत कोमट लागतेय, आणि खाट ओढून भिंतीला लावली. आज हसत होती. "संसार केला तेव्हा ह्यांनी कधी पाठ चोळून दिली नाही. आता भिंत शेकून देतेय बघ."

मी म्हटलं, "माझ्या गवताची कमाल."

"तुझ्या गवताचे पाय धरते मी."

एकच कुरबुर. पत्र्याला आतून पाणी सुटतंय. पाऊस नाही तरी सकाळी टिपटिप चालू असते, माझ्या कपाळावर बरोबर. पत्र्याला कुठेतरी भोक असणार. वर चढून सगळीकडे डांबर फासलं. हवा यायच्या ज्या दोन फटी होत्या त्याही बुजवल्या, म्हटलं काम करायचं तर नीट करावं.

गुरुवार, २९

आज माझं आणि वेल्डरचं वाजलं.

सकाळी जाग आली ती वासाने. आधी साखर करपल्यासारखा गोड वास, छान वाटला, लहानपणच्या जत्रेतल्या पाळण्याजवळ यायचा तसा. त्या पाळण्यात मी एकदा अडकले होते, पण ते पुन्हा कधी. मग खोल श्वास घेतला आणि त्या गोडाखाली दुसरा वास. तंबाखू.

मी तडक वेल्डरच्या दुकानात गेले. "दादा, शेडमध्ये विडी ओढता का तुम्ही?"

त्याने चष्मा वर केला. "मी?"

"मग कोण? वास येतोय. काल सुतळी ठेवायला तुम्हीच आत गेला होता."

"अगं, मी आयुष्यात ओढलेली नाही. माझी बायको जिवंत ठेवील का मला?"

"मग वास आपोआप येतो?"

"मला काय विचारतेस? माझ्या अंगाला वेल्डिंगचा वास येतो, तंबाखूचा नाही. हुंगून बघ." आणि मग एकदम चिडून, "त्या घरात कुणावर आळ घ्यायची रीतच आहे. ट्रॅक्टर माझा, घाम माझा आणि वर हे. ठेव तुझं मशीन."

पत्र्याचं दार ओढून घेतलं माझ्या तोंडावर. माझं चुकलं का? पण वास आहे. नाक माझं शाबूत आहे.

शुक्रवार, ३०

आत्याला सांगायला नको होतं.

ती भाजी चिरत होती. मी सहज म्हटलं, शेडमध्ये तंबाखूचा वास येतोय, वेल्डर नाही म्हणतो. तिच्या हातातली सुरी थांबली. चेहरा असा झाला की मला वाटलं बोट कापलं.

"कधीपासून?"

"कालपासून. कदाचित आधीपासून, मी झोपेत असेन."

"ते आलेत," आत्या म्हणाली. "भावजी. आसपास कुठेतरी आहेत. मशीन बाहेर काढलेलं कळलंय त्यांना."

"कशाला येतील?"

"सूड घ्यायला. मी त्यांना अख्ख्या जगात काडी केलं. आता खरोखरच काडी लावतील."

आम्ही दोघींनी शेडभोवती फिरून बघितलं. थोटूक नाही, पावलं नाहीत. तरी आत्याने मला शेडमध्ये झोपायची बंदी केली, आणि दार बाहेरून बंद करायला आडणा शोधायला लागली. शेवटी ती लोखंडी सळईच कड्यांतून आरपार घातली. बरोबर बसली. "आता आत जाऊन दाखवा म्हणावं," आत्या म्हणाली.

मी तिला म्हटलं, तू तरी माझ्या खोलीत झोप. ऐकत नाही. "माझी पाठ त्या भिंतीशिवाय ऐकत नाही आता. आणि कुणी आलं तर मला आधी कळेल."

रविवार, १

फोन उघडला तर गुलाबवाल्याचे कितीतरी निरोप. कमेंटमध्ये नाहीत, थेट मला. बरेच दिवस पडून होते, मी बघितलेच नव्हते.

'पोरी, गवत कापल्यावर किती वाळवलं?'

'शेडमध्ये वास कसला येतो? नीट हुंगून सांग.'

'सळई अजून तिथे आहे का? राशीच्या मधोमध खुपस, थोड्या वेळाने काढ, हात लावून बघ.'

'भिंतीपलीकडे कोण झोपतं?'

सळई! सळईबद्दल बाहेरच्या कुणाला माहीत असणार? भिंतीपलीकडे कोण झोपतं, हे विचारायचं कारण काय? आत्याचं बरोबर होतं. हाच तो. इतके दिवस मी त्याला फुशारकीने सगळं सांगत बसले.

मी एकच उत्तर लिहिलं. 'मशीन माझं आहे. इकडे फिरकलात तर लोकांना बोलावीन.' आणि त्याचे निरोप येणंच बंद करून टाकलं. आत्याला निरोप दाखवले नाहीत. तिला झोप लागणार नाही.

हवा खेळती हवी म्हणून दुपारी सळई काढून दार जरासं उघडलं. आतून अंगावर वाफ आली, न्हाणीघराचं दार उघडावं तशी. कुंद, कडवट वास. खालच्या ओळीच्या फटीत हरवलेला पाना दिसला. हात घातला आणि ओरडलेच. पाना चुलीतून काढल्यासारखा तापलेला. तळहातावर त्याची पट्टी उमटली आहे, म्हणून आज अक्षर वाकडं. उन्हाने असेल का? पण त्या कोपऱ्यात ऊन येत नाही.

दार लगेच लावून सळई परत घातली.

सोमवार, २

सकाळी आत्या म्हणाली, भिंत चटके देतेय. तरी खाट फक्त वीतभर बाजूला घेतली. गाई सकाळपासून शेडकडच्या अंगाला बसत नाहीत. सगळ्या लांबच्या टोकाला दाटीने उभ्या, आणि दूध कमी दिलं. आत्या म्हणाली, वारा बदलला असेल.

वेल्डरची माफी मागायला गेले होते, दुकान बंद. येताना शेडकडे बघितलं तर पत्र्याच्या कडेने पांढरं धुकं निघत होतं. दुसरीकडे कुठेच धुकं नव्हतं. छान दिसत होतं खरं तर.

ठरवलंय की चहा झाला की शेडचं दार सताड उघडायचं, मधले गठ्ठे ओढून काढायचे आणि वारा लागू द्यायचा. जे काही दमट झालं असेल ते वाळेल. आत्या चहा ठेवतेय. मी ट्रॅक्टरच्या सीटवर बसून लिहितेय. वेल्डरने रागाच्या भरात ट्रॅक्टरसुद्धा नेला नाही. इथून फाटकापर्यंत सगळं दिसतं.

फाटकातून कुणीतरी आत आलंय.

एक म्हातारा. सायकल टेकवून ठेवली नाही, तशीच टाकून दिली. चाक अजून फिरतंय. चेहऱ्याची एक बाजू चुरगळल्यासारखी, भाजल्याची जुनी खूण असते तशी. म्हणजे हेसुद्धा आगीत शिरले होते? हे कुणी सांगितलं नाही. माझ्याकडे बघत नाहीत, घराकडेही नाही. वर पत्र्याकडे बघतायत, त्या धुक्याकडे. शेडच्या दाराशी गेले, कड्यांमधली सळई बघितली, पण काढली नाही. आत्याच्या खोलीकडे जाऊन बाहेरून भिंतीच्या कोपऱ्याला तळहात लावला आणि झटकन मागे घेतला.

मशीन न्यायला आलेत का? मी पाना हातात घेतलाय.

आत्या दारात आली. हातात गाळणी तशीच. मला वाटलं आता किंचाळेल.

"भावजी," ती म्हणाली. बस्स. मग, "तंबाखूचा वास येतोय म्हणते ही."

"तंबाखू नाही वहिनी. गवतच आहे ते." इतका दमलेला आवाज मी कुणाचा ऐकला नव्हता. "ओलं बांधलं की आतल्या आत तापतं आणि असाच वास सोडतं. मग पेटतं. बोल्ट तेवढ्यासाठीच तुटायचा."

आत्याने चौकट धरली. इथून तिचा चेहरा दिसत नाही, नुसता हात दिसतो, चौकटीवरचा.

"म्हणजे त्या वर्षी कुलूप मी... " चौकटीवरचा हात खाली आला. "तेव्हा का नाही सांगितलंत?"

त्यांनी गोठ्याकडे बोट केलं.

"आधी गाई सोडा, वहिनी."

आत्या अनवाणी गोठ्याकडे धावली. मी माझा दार उघडायचा बेत सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. "शेडच्या दाराला हात लावायचा नाही. आत वारा गेला की भडकेल. आगीचा बंब येईपर्यंत तसंच बंद."

आता माझ्याकडे वळलेत. त्यांना माझं नाव ठाऊक नाही.

"ए बोल्टवाली," म्हणतायत, "वही खाली ठेव. फोन कर बंबाला, आणि मग गाई धरायला ये."